व्हायटल्स स्टेबल: पहाटेच्या पोटदुखीचं एक प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा, सगळीकडे भाताची लावणी चालू. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावरचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी ३४ वर्षांचा एक शेतकरी मोटारसायकलवर भाऊ आणि बायकोच्या मध्ये बसून अपघात विभागात आला. रात्री ३ पासून पोटात कळा, दोन उलट्या. ड्युटीवरचे वैद्यकीय अधिकारी प्रसूतिगृहात, तिथे बाळाचं डोकं दिसायला लागलेलं. अपघात विभागात एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय), एवढेच.

हे प्रकरण कुणा एका रुग्णाचं नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते जुळवलेलं आहे. पण यातली एकेक खूण मण्यार चावलेल्या रुग्णांत खरोखर दिसते, आणि औषधांचे डोस आपल्याकडच्या उपचारपद्धतीतलेच आहेत.

बायकोने आल्या आल्या कारणही सांगून टाकलं. "काल लावणीच्या माणसांसाठी मटण केलं होतं सिस्टर, यांनी जरा जास्तच खाल्लं." कारण पटण्यासारखंच होतं. पावसाळ्यात कॅज्युअल्टीत पहाटे येणाऱ्या दहा पोटदुख्यांपैकी बहुतेक अशाच असतात. पॅन्टोप्राझोल, ऑन्डॅन्सेट्रॉन, एक सलाईन, आणि ओपीडी सुरू झाली की डॉक्टरांना दाखवा. हात आपोआप त्या ट्रेकडे जातो.

केस पेपरवर पहिले आकडे पडले ते असे: नाडी १०४, बीपी १४८/९४, श्वसन मिनिटाला १८, तापमान ९८.४, ऑक्सिजन न लावता एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९८ टक्के, पूर्ण शुद्धीवर. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला 'न्यूज' स्कोअर (रुग्ण किती बिघडलाय हे गुणांत मोजणारा तक्ता) या आकड्यांना लावला, तर नाडीचा १ गुण आणि बाकी सगळीकडे शून्य. एकूण १. हा माणूस बाहेर बाकावर बसून थांबू शकतो, असंच तो आकडा सांगतो. आणि तासाभरात याच माणसाला स्वतःचा श्वास पुरेनासा होणार होता.

'व्हायटल्स स्टेबल', म्हणजे नाडी, बीपी, श्वसन वगैरे आकडे ठीक, हे दोन शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा लिहितो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ही नोंद आहे, मूल्यमापन नव्हे. श्वसनाचे स्नायू लुळे पडत जाणाऱ्या रुग्णात नाडी, बीपी आणि एसपीओटू अगदी शेवटी कोसळतात. तोवर शरीर जमेल तशी भरपाई करत राहतं आणि मॉनिटर शांत असतो. न्यूज स्कोअर वाईट नाही. न्यूमोनियात, रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णात तो फार उपयोगी पडतो. पण ज्या आजारात माणूस आधी पापण्यांनी, गळ्याने आणि मानेने बोलतो, तिथे त्या तक्त्याला रकानाच नाही. तो रकाना परिचारिकेच्या डोळ्यांत असावा लागतो.

पहिली दहा मिनिटं

सिस्टरने पोटावर हात ठेवला. कळ आली की रुग्ण गुडघे पोटाशी घेत होता, पण पोट मऊ होतं. दाबल्यावर ताठरपणा नाही, एका जागी दुखणं नाही, आतड्यांचे आवाज नेहमीसारखे. जुलाब एकही नाही. "घरात अजून कुणाला त्रास आहे का, वहिनी?" कुणालाच नव्हता. त्याच मटणावर आठ माणसं जेवली होती.

दुखणं एवढं आणि पोटात काहीच सापडत नाही, ही पहिली विसंगती. अशी विसंगती दिसली की दुखणं 'वाढवून सांगतोय' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, विशेषतः पहाटे पाचला. तो निष्कर्ष बाजूला ठेवून पुढे बघत राहणं हेच इथलं खरं कौशल्य.

दुसरी गोष्ट चेहऱ्यावर होती. बोलताना तो हनुवटी वर करून, डोकं किंचित मागे टाकून बघत होता आणि कपाळावर आडव्या आठ्या होत्या. रात्रभर झोप न झालेला माणूस असाच दिसतो, त्यामुळे हे सहज सुटून जातं. सिस्टरने त्याला डोकं सरळ ठेवायला सांगितलं आणि अंगठ्याने त्याच्या भुवयांवरचं कपाळ हलकेच दाबून धरलं. पापणी खाली येऊ लागली की माणूस नकळत कपाळाच्या स्नायूने ती वर ओढून धरतो. ती ओढ काढून घेतल्याबरोबर उजवी पापणी बाहुलीच्या निम्म्यापर्यंत उतरली, डावी त्याहून थोडी कमी. मग तिने आपलं बोट वर धरलं आणि त्याकडे बघत राहायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात दोन्ही पापण्या आणखी खाली आल्या. "किती बोटं दिसतात, दादा?" "दोन." बोट एकच होतं.

तिसरी गोष्ट त्याच्या खांद्यावरच्या पंच्यात होती. दर थोड्या वेळाने तो पंच्याने तोंड पुसत होता. उलटीचं पाणी असेल असं वाटावं, पण ती लाळ होती. "गिळता येतंय का?" "घसा आवळल्यासारखा झालाय." आवाज नाकातून येत होता. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "पहाटेपासून असंच बोलतायत, मला वाटलं सर्दी झाली."

इथे सिस्टरने जो प्रश्न विचारला त्यावर सगळं प्रकरण फिरलं. तिने 'साप चावला का' असं विचारलं नाही. त्याचं उत्तर 'नाही' आलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. तिने विचारलं, "दादा, रात्री कुठे झोपला होतात?"

"पडवीत. खालीच, गोधडीवर."

"रात्रीत काही टोचलं, चावलं?"

"साडेबाराच्या सुमाराला कानामागं मुंगी चावल्यासारखं वाटलं. खाजवलं नि झोपलो."

कानामागे टॉर्च धरून पाहिलं. खाजवल्याचा लालसर ओरखडा सोडून काही नाही. सूज नाही, दोन दातांची खूण नाही, रक्त नाही.

मण्यार चावल्यावर बहुधा असंच असतं. हा निशाचर साप, दात आखूड, दंश जवळजवळ न दुखणारा. पावसाळ्यात तो घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. बऱ्याच जणांना जागही येत नाही. तीन-चार तासांनी पोट दुखू लागतं, उलटी होते, घसा धरतो, मग पापण्या उतरतात, आणि लुळेपणा डोक्याकडून खाली सरकत छातीपर्यंत येतो. विषात मुख्यतः दोन प्रकारचे घटक असतात. एक स्नायूच्या बाजूला चेतापेशीचा निरोप पोहोचू देत नाही. दुसरा जास्त घातक, तो निरोप पाठवणारं चेतातंतूचं टोकच निकामी करतो. ते टोक पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. पुढची सगळी उपचारांची दिशा या एका गोष्टीवरून ठरते, म्हणून ती प्रत्येक परिचारिकेला माहीत असायला हवी.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातले निम्मे मृत्यू पावसाळ्यातले आणि बहुतेक ग्रामीण भागातल्या घरांत झालेले. भाताच्या पट्ट्यात जुलैमध्ये पहाटे आलेली पोटदुखी आणि ही संख्या एकमेकांपासून फार लांब नाहीत.

आणखी काय असू शकतं

शेतकरी, उलटी, तोंडात लाळ. हे तीन शब्द ऐकले की महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामीण कॅज्युअल्टीत पहिला विचार येतो तो कीटकनाशकाचा, आणि तो यायलाच हवा. सिस्टरने तोंडाचा आणि कपड्यांचा वास घेतला, हात पाहिले, आदल्या दिवशी फवारणी होती का ते विचारलं. ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घरघर, घाम, जुलाब, बऱ्याचदा नाडी मंद. इथे बाहुल्या नेहमीपेक्षा थोड्या मोठ्याच होत्या आणि उजेडाला सुस्त. छाती स्वच्छ. लाळही जास्त तयार होत नव्हती. ती गिळली जात नव्हती, म्हणून साठत होती. वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण एका ठिकाणी भरपूर ॲट्रोपीन लागतं आणि दुसऱ्या ठिकाणी श्वासनलिकेत ट्यूब.

मेंदूच्या खोडातला पक्षाघात? एका बाजूचा अशक्तपणा नव्हता, शुद्ध पूर्ण होती. गिलियन-बारे हा नसांचा आजार? तो बहुधा पायांकडून वर चढतो आणि दिवस घेतो. बोट्युलिझमचं (दूषित अन्नातून होणाऱ्या विषबाधेचं) चित्र मात्र अगदी जवळ जाणारं आहे: अन्नाचा इतिहास, वरून खाली येणारा लुळेपणा, मोठ्या बाहुल्या. पण एकाच ताटातलं जेवलेली बाकी सगळी ठणठणीत होती, आणि जमिनीवर झोपणं, मुंगीसारखा चावा, पावसाळा हे सगळं दुसऱ्याच दिशेला बोट दाखवत होतं.

निदान करणं हे परिचारिकेचं काम नाही, असं म्हणणारे इथे थांबवतील. बरोबर आहे, निदानावर सही डॉक्टरांची. पण कुठली शक्यता तातडीने डॉक्टरांपर्यंत न्यायची, हे ठरवायला या शक्यता डोक्यात असाव्याच लागतात. अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या नर्सिंग प्राध्यापक क्रिस्टिन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयप्रक्रियेचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून विचार करणं. त्यांचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. समोरच्या आकड्यांपेक्षाही परिचारिका स्वतःसोबत काय घेऊन येते, यावर तिचा निर्णय जास्त अवलंबून असतो. या सिस्टरने सोबत आणलं होतं ते हे ज्ञान: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाची पोटदुखी वेगळी असू शकते.

आता श्वास. मॉनिटरवरचा १८ हा आकडा तिने बाजूला ठेवला आणि घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं. २०. (हे मोजणं आपण टाळतो. कितीतरी केस पेपरांवर १८ किंवा २० हे आकडे न मोजताच पडतात, आणि सगळ्यात आधी बदलणारी खूण आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.) मग तिने त्याला खोल श्वास घेऊन एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला सांगितले. धडधाकट माणूस सहज तीसच्या पुढे जातो. हा २३ वर थांबला. उशीवरून मान उचलून धरायला सांगितली, तर कशीबशी पाच-सहा सेकंद.

५ वाजून २० मिनिटांनी ही पहिली नोंद झाली: पापण्या उजवीकडे निम्म्या, एका श्वासात २३, मान ५ सेकंद. दहा मिनिटांनी पुन्हा: १७, मान ३ सेकंद. एसपीओटू अजूनही ९८.

एकटा आकडा काही सांगत नाही, उतार सांगतो. २३ वरून १७ हा दहा मिनिटांतला उतार होता आणि त्याची दिशा एकच होती.

यादरम्यान तिने काय केलं नाही, हेही महत्त्वाचं. तोंडावाटे पाणी किंवा गोळी दिली नाही. दुखतंय म्हणून झोपेचं किंवा गुंगी आणणारं काही दिलं नाही. रक्त गोठतंय हे कळेपर्यंत स्नायूत कुठलंही इंजेक्शन नाही. लगेच ऑक्सिजनचा मास्कही चढवला नाही, आधी साध्या हवेवरचा आकडा नोंदवला. कारण ऑक्सिजन लावल्यावर श्वास उथळ होत गेला तरी एसपीओटू बराच वेळ छान दिसत राहतो, आणि कार्बन डायऑक्साइड मात्र साठत जातो. रुग्णाला डाव्या कुशीवर घेतलं, सक्शन चालू करून पाहिलं, दोन्ही हातांत शिरा मिळवल्या, आणि मामाला अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), मास्क आणि ट्यूबचा ट्रे टेबलावर आणायला सांगितलं.

शिरेतून घेतलेलं २ मिली रक्त काचेच्या कोरड्या, नव्या नळीत ठेवलं आणि घड्याळ लावलं. ही २० मिनिटांची गोठण-चाचणी. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठत नाही आणि मण्यारीचा रुग्ण घोणशीचा वाटतो (घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं). मध्ये नळी हलवायची नाही. वीस मिनिटांनी एकदाच कलती करायची.

डॉक्टरांशी झालेलं बोलणं

प्रसूतिगृहाच्या दारात जाऊन ती म्हणाली, "सर, ३४ वर्षांचा पुरुष, पोटदुखी म्हणून आलाय. जमिनीवर झोपला होता, रात्री साडेबाराला कानामागे चावल्यासारखं वाटलं. दोन्ही पापण्या उतरल्यात, दोन-दोन दिसतंय, गिळता येत नाही. एका श्वासात २३ वरून १७ वर आलाय दहा मिनिटांत. मण्यार वाटते. तुम्ही आत्ता यायला हवं."

"चावल्याची खूण आहे का?"

"नाही सर. सूजही नाही. पण श्वास उतरतोय."

"एसपीओटू?"

"९८. म्हणूनच घाई करतेय."

ही वाक्यं मी दरवर्षी वर्गात मोठ्याने म्हणून घेते. 'पेशंट बरा वाटत नाही' एवढंच सांगितलं असतं तर डॉक्टर वार उतरेपर्यंत थांबले असते, आणि त्यात त्यांची चूक नसती. इथे काय बदलतंय, किती वेगाने बदलतंय आणि मला तुमच्याकडून काय हवंय, हे तिन्ही होतं. बाळ बाहेर आलेलं होतं, वार उतरायची होती. बाळंतिणीजवळ दुसऱ्या सिस्टर थांबल्या आणि डॉक्टर तीन मिनिटांत आले.

५ वाजून ४० मिनिटं. एका श्वासात १२. मान उशीवरून उठेना. गोठण-चाचणीची नळी कलती केली तर रक्त घट्ट गोठलेलं. म्हणजे घोणस आणि फुरसे मागे पडले. नाग असता तर दंशाच्या जागी सूज आणि वेदना अपेक्षित होती. लुळेपणा, सूज नाही, रक्त नीट गोठतंय: मण्यार समजून उपचार सुरू झाले. खूण नसणं हे मण्यारीच्या विरोधातलं कारण ठरत नाही, हे डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची) नोंद मामाने सुरू करून ठेवली.

एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या, १० व्हायल्स. आपल्याकडची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच असते. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती बनते. पावडरची प्रत्येक व्हायल १० मिली पाण्यात विरघळवायची, पण जोरात हलवायची नाही, फेस होतो. तळहातात हळू फिरवत राहायचं. १० व्हायल्सना वेळ लागतो, म्हणून भावालाच हात धुवायला लावून व्हायल्स फिरवायला बसवलं. त्या माणसाला काहीतरी करायला मिळालं हाही त्यातला फायदा. टेस्ट डोस दिला नाही. त्याने प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही, फक्त वेळ जातो. सगळं सलाईनमध्ये मिसळून तासाभरात जाईल अशी गती ठेवली, आणि ॲड्रिनॅलीन ०.५ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून खाटेच्या कडेला चिकटवून ठेवलं.

पहिली पंधरा मिनिटं सिस्टर खाटेपासून हलली नाही. बाराव्या मिनिटाला रुग्ण मान खाजवू लागला, छातीवर गांधी उठल्या, बीपी १०० वर आलं. ठिबक बंद, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनॅलीन. आता रक्त गोठतंय हे माहीत असल्याने स्नायूत देण्याची भीती नव्हती. काही मिनिटांत गांधी ओसरल्या, बीपी वर आलं, ठिबक आधी हळू आणि मग पूर्ववत. प्रतिक्रिया आली म्हणून एएसव्ही कायमची बंद करणं ही मोठी चूक ठरली असती.

ॲट्रोपीन ०.६ मिलिग्रॅम आणि त्यासोबत नीओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅमचा डोसही डॉक्टरांनी दिला. नागाच्या विषात याने पापण्या डोळ्यांदेखत वर येतात. मण्यारीत बहुधा फरक पडत नाही, कारण निरोप पाठवणारं टोकच निकामी झालेलं असतं. तरी सापाची खात्री नसताना देऊन बघणं योग्य. फरक नसेल तर तीन डोसनंतर थांबवायचं.

घाटाआधी की घाटानंतर

जिल्हा रुग्णालय सव्वा तासावर, मध्ये घाट. १०८ दारात उभी. डॉक्टरांपुढे प्रश्न होता: ट्यूब इथेच टाकायची की तिथे पोहोचल्यावर? एसपीओटू ९६ होतं. रुग्ण शुद्धीवर होता, हाताने खुणा करत होता. अशा माणसाला ट्यूब टाकायला कुणाचाही हात आखडतो.

सिस्टरने तिचा कागद पुढे केला. ५.२० ला २३, ५.३० ला १७, ५.४० ला १२, ६.०० ला ७. लाळ सक्शनशिवाय निघत नाही. खोकला येत नाही. या उताराची रेघ पुढे ओढली तर ती घाटातच शून्याला टेकत होती. चालत्या गाडीत, वळणावर ट्यूब टाकायची वेळ येण्यापेक्षा टेबलावर, उजेडात, सक्शन हाताशी असताना टाकलेली बरी. डॉक्टरांनी तोच निर्णय घेतला.

पण त्याआधी सिस्टरने रुग्णाच्या कानाशी जाऊन सांगितलं: "दादा, तुमचा श्वास कमी पडतोय, म्हणून घशात नळी घालतोय. थोडं गुंगीचं औषध देतोय. श्वास आम्ही देणार. हात-पाय हलणार नाहीत काही दिवस, पण परत येतात." बायकोलाही तेच सांगितलं, तिच्यासमोर, तेवढ्याच शब्दांत. मण्यारीत हे शेवटचं वाक्य खोटं आश्वासन नाही. वेळेवर श्वास दिला, तर लुळेपणा उतरतो.

ट्यूब ओठाशी २२ सेंटिमीटरवर बांधली आणि तो आकडा टेपवरच लिहिला, म्हणजे गाडीच्या धक्क्याने सरकली तर लगेच कळेल. गाडीतली बॅग दर सहा सेकंदांनी एकदा. घाबरलेला माणूस बॅग भराभर दाबतो, त्याने पोटही फुगतं आणि बीपीही पडतं. १०८ च्या डॉक्टरांसोबत ग्रामीण रुग्णालयाच्या सिस्टर गाडीत गेल्या, कारण तो उताराचा कागद तोंडी समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं.

आयसीयूतली दुसरी रात्र

जिल्हा रुग्णालयात लुळेपणा वाढत होता म्हणून आणखी १० व्हायल्स गेल्या. तिथे थांबलं. त्यापुढे कितीही एएसव्ही ओतली तरी निकामी झालेली टोकं परत येत नाहीत. एएसव्ही रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते, झालेलं नुकसान उलटवत नाही. यापुढचा उपचार म्हणजे व्हेंटिलेटर, वेळ आणि शुश्रूषा. या टप्प्यावर रुग्ण खऱ्या अर्थाने परिचारिकांच्या हातात असतो.

दुसऱ्या रात्री तो संपूर्ण निश्चल होता. डोळे उघडत नव्हते, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला न हलणाऱ्या, चिमटा काढला तरी हालचाल नाही. नव्या डॉक्टरांनी जीसीएस (शुद्ध मोजणारा ग्लासगो कोमा स्केल) ३ लिहिला, म्हणजे सगळ्यात कमी. बाहेर नातेवाइकांत 'मेंदू गेला' असा शब्द फिरू लागला. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी दिलेलं हे मोजमाप डोक्याला मार लागलेल्यांसाठी बनलं. ते डोळे उघडण्यावर, बोलण्यावर आणि हालचालीवर चालतं. ज्याचा प्रत्येक स्नायू विषाने बांधला आहे त्याची शुद्ध त्यातून मोजताच येत नाही. मण्यारीच्या गाढ लुळेपणात बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊन थांबतात आणि चित्र हुबेहूब मेंदूमृत्यूसारखं दिसतं. आत माणूस जागा असू शकतो, ऐकत असू शकतो.

रात्रपाळीच्या सिस्टरने चादर बाजूला केली, पायाच्या अंगठ्यावर टॉर्च धरला आणि मोठ्याने म्हणाली, "दादा, ऐकू येत असेल तर उजव्या पायाचा अंगठा हलवा." काही नाही. पुन्हा सांगितलं. अंगठा नाही, पण शेजारचं बोट किंचित, नखाएवढं हललं. "आता पुन्हा दोनदा." दोनदा हललं. केस पेपरवर तिने जीसीएसच्या खाली लिहिलं: 'आज्ञा पाळतो, उजव्या पायाचं दुसरं बोट. रुग्ण शुद्धीवर समजून वागावं.' त्या एका ओळीने पुढचे चार दिवस बदलले. सक्शनच्या आधी सांगणं सुरू झालं. वेदनेसाठी आणि झोपेसाठी औषध लिहिलं गेलं. खाटेभोवती त्याच्या तब्येतीबद्दलची कुजबूज बंद झाली. बायकोला आत बसवून घरचं बोलायला सांगितलं.

बाकी काम रोजचं, पण त्यातलं काहीच चुकवून चालत नव्हतं. पापण्या अर्धवट उघड्या राहतात, बुबुळ कोरडं पडून जखम होते, म्हणून डोळ्यांत मलम आणि पापण्यांवर टेप. दर दोन तासांनी कूस. डोकं तीस अंश वर. तोंडाची स्वच्छता. लघवी तुंबू नये म्हणून कॅथेटर. पोटॅशियम मण्यारीत खाली येतं, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी. आणि दर पाळीला तोच प्रश्न: 'पायाचं बोट हलवा.'

पाचव्या दिवशी मान उशीवरून उठली. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर उतरवून दोन तास बघितलं आणि नळी काढली. घोगऱ्या आवाजात त्याने एका श्वासात १९ पर्यंत मोजलं. संध्याकाळी २४. पापण्या पूर्ण वर यायला आणखी दोन दिवस गेले. नवव्या दिवशी डिस्चार्ज.

डिस्चार्जच्या कागदावर औषधांपेक्षा सूचना जास्त होत्या. खाटेवर झोपायचं. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गोधडीखाली चारी बाजूंनी नीट खोचायच्या, डासांसाठी नसली तरी सापासाठी. पडवीतल्या भिंतीशी लावलेली सरपणाची थप्पी हलवायची. रात्री उठताना टॉर्च. पुन्हा कुणाला असं झालं तर दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चालवायचं नाही, १०८ लावायची. आणि एक शेवटची सूचना सिस्टरने तोंडी दोनदा सांगून बायकोकडून परत म्हणून घेतली: आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, सांधे दुखले किंवा अंगावर गांधी उठल्या तर तो सापाचा अवशेष नाही, एएसव्हीची उशिरा येणारी प्रतिक्रिया आहे. घरी थांबायचं नाही, हा कागद घेऊन यायचं.